संस्थांच्या निवडणुका आणि उमेदवारांची पात्रता

आर्थिक वर्ष संपून हिशेब तपासनिसांच्या हवाली झाले, की आपल्या गावोगावच्या सार्वजनिक संस्थांत वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. वाचनालये, शिक्षणसंस्था, व्यायामशाळा, वसतिगृहे, व्यापाऱ्यांनी चालविलेली धर्मादाय रुग्णालये, यांपैकी पुष्कळांच्या कार्यकारी मंडळांची निवडणूक याच सभांत व्हावयाची असते. सभेची नोटीस फलकावर लागते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम होते, हिशेबाच्या छापील प्रती वाटल्या जातात, आणि मग ‘जागा तितकेच अर्ज आले, सबब निवडणूक बिनविरोध झाली’ असे अध्यक्ष जाहीर करतात. टाळ्या पडतात, चहा होतो व मंडळी घरोघर जातात. ही एकी पाहून कोणासही आनंदच व्हावा. परंतु जेथे निवडणूक वर्षानुवर्षे बिनविरोध होते, तेथे आम्हांस एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. अर्ज तितकेच आले, की तितकेच येऊ दिले?

निवडणुकीची चर्चा आपल्याकडे बहुधा मतदाराच्या बाजूने होते. मत कोणास असावे, ते गुप्त असावे की उघड, मुखत्यारामार्फत देता यावे की नाही, यांवर सभासद हिरिरीने भांडतात. उभे कोणी राहावे, या प्रश्नाकडे मात्र फारच थोड्यांचे लक्ष जाते. वास्तविक मत देण्याचा हक्क पाचशेंस दिला आणि उभे राहण्याचा हक्क पंधरांपुरता राखून ठेवला, तर त्या पाचशेंच्या हक्काची किंमत ती काय राहिली? गिऱ्हाइकास वाटेल तो माल घेण्याची मोकळीक आहे, मात्र दुकानात माल एकच आहे, अशातला तो प्रकार होय. यासाठी संस्थेच्या नियमावलीतील ‘उमेदवाराची पात्रता’ हे चार ओळींचे कलम आम्हांस तिच्या ध्येयधोरणाच्या लांबलचक कलमाहून अधिक महत्त्वाचे वाटते. संस्था काय करू इच्छिते हे ध्येयाच्या कलमावरून कळते. ती कोणाची आहे हे पात्रतेच्या कलमावरून कळते.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडील बहुसंख्य संस्था १८६० च्या २१ व्या कायद्याखाली, म्हणजे संस्था नोंदणी कायद्याखाली, नोंदलेल्या असतात. सात किंवा अधिक माणसांनी एकत्र यावे, उद्देशपत्र व नियमावली दाखल करावी, म्हणजे संस्था झाली. सभासद कोण, हे या कायद्याने सांगितले आहे. नियमाप्रमाणे ज्यास दाखल करून घेतले आहे, ज्याने वर्गणी भरली आहे किंवा सभासदांच्या यादीवर सही केली आहे, तो सभासद. ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली आहे त्यास मत नाही व तो सभासदांत मोजावयाचा नाही, असेही त्यात आहे. परंतु कारभारी मंडळावर बसण्यास कोण पात्र, याविषयी हा कायदा मौन धरतो. नियमांनी ज्यांच्याकडे कारभार सोपविला ते कारभारी मंडळ, एवढेच तो म्हणतो. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूच्या संस्थांस १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते, आणि मंडळ बदलले की धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज द्यावा लागतो. गैरवर्तन करणाऱ्या किंवा हिशेब देण्यात वारंवार कसूर करणाऱ्या विश्वस्तास दूर करण्याची तरतूद या कायद्यात आहे. परंतु दूर करणे ही मागाहूनची गोष्ट झाली. दारातून आत कोणी यावे, हे ठरविण्याचे काम कायद्याने प्रायः संस्थेच्याच शहाणपणावर सोपविले आहे.

व्यापारी वाचकांस कंपनीचा कायदा परिचित असेल. नफा न वाटणाऱ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यात ८ वे कलम आहे, आणि संचालक कोण होऊ शकत नाही हे १६४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. न्यायालयाने भ्रमिष्ट ठरविलेला, दिवाळखोरीतून न सुटलेला, सहा महिने किंवा अधिक शिक्षा झाल्यास सुटकेपासून पाच वर्षे न लोटलेला, असे मनुष्य अपात्र होत. ज्या कंपनीने लागोपाठ तीन वर्षे हिशेब किंवा वार्षिक विवरणे दाखल केली नाहीत तिच्या संचालकासही पाच वर्षे बाजूस बसावे लागते. या यादीचा एक गुण ध्यानात धरण्याजोगा आहे. तीतील प्रत्येक गोष्ट कागदावरून सिद्ध होते. अमुक मनुष्य ‘योग्य’ आहे की नाही, ‘संस्थेच्या परंपरेस साजेसा’ आहे की नाही, असे मर्जीचे माप तीत कोठेही नाही.

आता कायदा मुका असताना आपल्या पूर्वजांनी काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिचे निमित्त पर्वती संस्थानच्या कारभाराविषयी लोकांत उत्पन्न झालेले असमाधान हे होते. देवस्थानाची व्यवस्था पंचांच्या हाती होती, आणि त्या व्यवस्थेविषयी लोकांच्या तक्रारी होत्या. अशा वेळी जाब विचारणाऱ्यास पहिला उलट प्रश्न ठरलेला असतो, तो हा की, तुम्ही कोण? सार्वजनिक काका या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेले गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनी या प्रश्नाचे उत्तर सभेच्या नियमातच घातले. सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तो नियम होता. त्याप्रमाणे ९५ सभासद सुमारे ६,००० लोकांची मुखत्यारपत्रे घेऊन सभेत बसले. आम्ही या नियमाची थोरवी सांगतो ती त्यातील आकड्यासाठी नव्हे. त्याची दिशा पाहावी. पात्रता येथे खालून वर येते. उमेदवाराच्या पाठीशी लोक आहेत काय, एवढेच तो नियम विचारतो. आधी बसलेल्या मंडळींस तो मनुष्य पसंत आहे काय, हे विचारत नाही.

अशा मोकळ्या दारास एक किंमत द्यावी लागते, हेही त्याच सभेच्या इतिहासात दिसते. १८९५ च्या निवडणुकीत टिळकांच्या पक्षाचे व्यवस्थापक मंडळात बहुमत झाले. ज्यांनी सभेस इतकी वर्षे विचार पुरविले ते न्यायमूर्ती रानडे व त्यांचे अनुयायी मागे पडले, आणि पुढील वर्षी त्यांनी डेक्कन सभा या नावाची निराळी संस्था काढली. त्या वादात कोणाची बाजू न्याय्य होती, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, जेथे दार खरोखर उघडे असते तेथे रानड्यांसारख्या पुरुषासही पराभव पत्करावा लागतो. पराभव शक्य असणे हेच निवडणूक खरी असल्याचे लक्षण होय. ज्या मंडळास हरण्याची भीतीच उरली नाही, ते मंडळ लोकांचे राहिले नाही असे खुशाल समजावे.

आजच्या आपल्या संस्थांत पात्रतेचे कलम कसे वापरले जाते? त्याचे मासले आमच्या वाचकांपैकी अनेकांनी आपापल्या गावी पाहिले असतील. उमेदवारी अर्जावर सूचक व अनुमोदक आजीव सभासदच असला पाहिजे, अशी एक अट असते. आणि नवे आजीव सभासद करून घेणे दहा वर्षांपासून ‘तूर्त स्थगित’ असते. उमेदवार सलग पाच किंवा सात वर्षे सभासद असावा, अशी दुसरी अट असते. आणि वर्गणीची पावती एका वर्षी उशिरा फाडून ती सलगता सहज मोडता येते. तिसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. वर्गणी थकलेल्यास मत नाही हा नियम मुळात रास्त आहे. परंतु सभासद वर्गणी द्यावयास गेला की चिटणीस रजेवर, पावतीपुस्तक तपासनिसाकडे, बँकेत परस्पर भरणा चालत नाही, अशी उत्तरे मिळतात. तीन महिने उलटतात, आणि निवडणुकीच्या दिवशी तोच सभासद थकबाकीदार म्हणून बाहेर उभा राहतो. चौथा प्रकार म्हणजे अर्जांची छाननी. ती करणारे चिटणीस बहुधा स्वतःच उमेदवार असतात. प्रतिस्पर्ध्याच्या अर्जातील काना-मात्रा त्यांस अचूक दिसतो. स्वतःच्या अर्जातील कोरी जागा दिसत नाही.

याच्या उलट बाजूचा दोषही लपवून ठेवणे बरे नव्हे. विरोधी पक्ष निवडणुकीच्या दोन महिने आधी दोनशे पावत्या फाडतो, त्या सर्वांची वर्गणी एकच धनिक भरतो, आणि ज्यांनी संस्थेची पायरी कधी चढली नाही ते मतदानाच्या दिवशी गाड्यांतून उतरतात. हे लोकमत नव्हे. ही खरेदी होय. यावर पात्रतेची काही अट हवीच. म्हणून नियमच नकोत असे आम्ही म्हणत नाही. शेतास कुंपण हवे, कारण त्यावाचून गुरे पीक खातात. परंतु कुंपण वाढवीत वाढवीत त्याचा तट केला, तर आतले धान्य धन्यालाही मिळत नाही. कुंपण आणि तट यांतील भेद कसा ओळखावा, हाच खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाची अलीकडील सर्वांत मोठी परीक्षा एका क्रीडासंस्थेच्या बाबतीत झाली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ हे काही सरकारी खाते नव्हे. १९२८ साली स्थापन झालेली व तामिळनाडूच्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली ती एक संस्थाच आहे. आपल्या गावच्या वाचनालयाची व तिची जात एकच. अंतर आहे ते तिजोरीचे. या मंडळाच्या नियमांत असे एक कलम होते की, मंडळाच्या पदाधिकाऱ्याने मंडळाच्या सामन्यांत प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध ठेवता कामा नये. २००८ च्या आरंभी इंडियन प्रीमियर लीगच्या संघांचा लिलाव झाला, आणि चेन्नईचा संघ इंडिया सिमेंट्स या कंपनीने घेतला. त्या कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक एन. श्रीनिवासन हे त्या वेळी मंडळाचे खजिनदार होते. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी मंडळाने ते कलम दुरुस्त केले, आणि या लीगसारख्या स्पर्धा त्यातून वगळल्या. म्हणजे आधी व्यवहार झाला आणि मागाहून त्या व्यवहारास बसेल असा नियम शिवला. २०११ साली श्रीनिवासन मंडळाचे अध्यक्ष झाले. २०१३ साली लीगमध्ये सट्टेबाजीचे प्रकरण उद्भवले, त्यात चेन्नई संघाशी संबंध असलेल्या त्यांच्या जावयाचेच नाव आले, आणि एकच पुरुष संघाच्या मालकाच्या बाजूस व चौकशी करणाऱ्या मंडळाच्या बाजूसही उभा आहे, हे साऱ्या देशास दिसले.

२२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. आणि मंडळाच्या सामन्यांत ज्यांचा व्यापारी हितसंबंध आहे त्यांस तो संबंध असेपर्यंत मंडळाच्या निवडणुकीस उभे राहता येणार नाही, असे ठरविले. पुढे माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या समितीने ४ जानेवारी २०१६ रोजी आपला अहवाल दिला, आणि १८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने त्यातील बहुतेक सूचना मान्य केल्या. मंत्री किंवा सरकारी नोकर पदाधिकारी नसावा, वयाची सत्तर वर्षे उलटलेला नसावा, एकूण नऊ वर्षांहून अधिक पदावर नसावा, आणि प्रत्येक तीन वर्षांच्या मुदतीनंतर काही काळ विश्रांती घ्यावी, अशा त्या पात्रता होत्या. संघ स्थापण्याच्या स्वातंत्र्यावर हा घाला आहे, ही मंडळाची हरकत न्यायालयाने मानली नाही. आदेशांची अंमलबजावणी होईना, तेव्हा २ जानेवारी २०१७ रोजी मंडळाचे अध्यक्ष व चिटणीस यांस पदांवरून दूर करण्यात आले. आपल्या मुंबईतही या नियमांचा परिणाम झाला. शरद पवार यांनी वयाच्या याच मर्यादेमुळे २०१६ च्या डिसेंबरात मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्षपद सोडले.

परंतु गोष्ट येथे संपली नाही, आणि तिचा उत्तरार्धच आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. ९ ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने मंडळाची नवी घटना मंजूर करताना विश्रांतीचा नियम सैल करून ती लागोपाठ दोन मुदतींनंतर, म्हणजे सहा वर्षांनी, घ्यावी असे केले. त्या घटनेप्रमाणे २०१९ च्या ऑक्टोबरात नवे पदाधिकारी आले. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मंडळाच्या वार्षिक सभेने विश्रांतीचा नियम आणखी सैल करण्याचा ठराव केला. १४ सप्टेंबर २०२२ रोजी न्यायालयाने तशी परवानगी दिली. आता राज्याच्या संस्थेत सहा व मध्यवर्ती मंडळात सहा अशी बारा वर्षे सलग काढल्यावरही चालते. ही सवलत न्यायालयाच्या परवानगीने झाली, चोरून झाली नाही, हे खरे. अनुभवी माणसे हातची जाऊ नयेत, या म्हणण्यातही काही तथ्य आहे. तथापि एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. ज्यांची मुदत संपत आली होती, त्यांच्याच कारकिर्दीत मुदतीचा नियम बदलण्याचा ठराव झाला. २००८ साली झाले त्याची जात व २०१९ साली झाले त्याची जात निराळी असेल; दोहोंत मापणारा आणि मापला जाणारा एकच होता, हे साम्य मात्र राहतेच. २०१९ मध्ये लोकांच्या सुदैवाने न्यायालयाच्या अनुमतीवाचून घटनेत बदल करता येणार नाही अशी तरतूद होती, म्हणून निदान त्रयस्थाने तो ठराव तपासला. आपल्या गावच्या संस्थेत असा त्रयस्थ कोठे आहे?

या सर्व हकिकतीवरून आम्ही जो सिद्धांत काढतो तो एवढाच की, पात्रतेचा नियम हे उमेदवाराच्या वर्तनाचे माप असावे, पदाधिकाऱ्यांच्या मर्जीचे नव्हे. आणि ते माप घेणारा हात उमेदवाराचा नसावा.

यावर आक्षेप येतील. पहिला असा की, मतदार शहाणे आहेत. त्यांस वाईट मनुष्य नको असेल तर ते त्यास पाडतील. नियमांची आडकाठी कशास? हा आक्षेप दिसावयास उदार आहे, परंतु तो सहसा त्याच लोकांच्या तोंडी आढळतो, ज्यांच्या हाती मतदारांची यादी आहे. दोन प्रामाणिक उमेदवारांपैकी अधिक कर्तबगार कोण, हे मतदाराने ठरवावे. परंतु संस्थेच्या इमारतीचा ठेकेदारच मंडळावर बसला, तर त्याची बिले मंजूर करताना तो कोणत्या बाजूने बोलेल, हे ठरविण्यास मतांची गरज नाही. बाजारात ग्राहकाची निवड मोकळी असते. तराजूस मात्र सरकारी शिक्का लागतो. त्या शिक्क्याने ग्राहकाचे स्वातंत्र्य कमी झाले असे आजवर कोणी व्यापारी म्हटला नाही.

दुसरा आक्षेप लहान गावांकडून येतो. आमच्याकडे काम करणारी माणसे आहेतच किती? जे दोन-चार राबतात त्यांसच मुदतीच्या नियमाने घरी बसविले, तर वाचनालयास टाळे लागेल. या म्हणण्याची आम्ही थट्टा करीत नाही. ज्यांनी पदरचे पैसे घालून संस्था चालविल्या, उन्हातान्हात वर्गण्या गोळा केल्या, अशी माणसे आमच्या पाहण्यात आहेत. परंतु माणसे मिळत नाहीत म्हणून दार बंद आहे, की दार बंद आहे म्हणून माणसे मिळत नाहीत, याचा विचार त्यांनीच शांतपणे करावा. पंचवीस वर्षे एकाच हाती राहिलेली संस्था त्या हाताबरोबरच थकते, आणि मग ती मुलाच्या, जावयाच्या किंवा पुतण्याच्या हाती जाते. कारण कुलपाची किल्ली कोठे असते हे त्यांसच ठाऊक असते. एक मुदत बाजूस राहणे ही काही हद्दपारी नव्हे. अनुभवी मनुष्यास मताधिकारावाचून सल्लागार म्हणून सभेस बोलवावे. तेवढ्यात नवा चिटणीस चुकत-माकत काम शिकतो, आणि संस्थेस दोन चिटणीस मिळतात.

या मुद्द्यावर महाराष्ट्र सरकारचाही विचार अलीकडे बदललेला दिसतो. २०२५ साली विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, आजीव विश्वस्तांची संख्या एकूण विश्वस्तांच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू नये, अशी मर्यादा घालण्यात आली. मुदतीची मर्यादा हा आता काही उतावळ्या सुधारकांचा छंद राहिलेला नाही.

वयाच्या मर्यादेविषयी मात्र आमचे मत थोडे निराळे आहे. म्हातारपण हा दोष नव्हे. सत्तरीचा मनुष्य प्रथमच मंडळावर येत असेल, तर तो नवाच मनुष्य आहे. आणि चाळिशीचा मनुष्य पंधरा वर्षे खुर्चीवर असेल, तर तो जुनाच आहे. संसदेने २०२५ साली केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यातही आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नियमांस बाध येत नसेल तर सत्तर ते पंचाहत्तर वयाच्या उमेदवारास वाट ठेवली आहे. संस्थेस म्हातारी माणसे जाचत नाहीत. न उठणारी माणसे जाचतात. म्हणून मोजावयाचे ते वय नव्हे, खुर्चीवरील वर्षे मोजावी.

तिसरा आक्षेप देणगीदारांचा. पैसा आमचा, इमारत आमच्या वडिलांच्या नावाची, मग मंडळावर कोण बसावे हे आम्ही का ठरवू नये? यास उत्तर असे की, पैसा जोपर्यंत तुमच्या पेटीत होता तोपर्यंत तुमचा होता. तो धर्मादाय म्हणून दिलात, त्यावर प्राप्तिकराची सवलत घेतलीत, संगमरवरी पाटीवर नाव कोरविलेत; त्या क्षणी तो लोकांचा झाला. देऊन पुन्हा मुठीत ठेवणे यास दान म्हणत नाहीत.

तर मग नियम कसे असावेत? आमच्या मते पुढील गोष्टी पुरेशा आहेत. उमेदवार निवडणुकीपूर्वी निदान एक संपूर्ण हिशेबी वर्ष सभासद असावा. म्हणजे आयत्या वेळच्या पावत्यांस आळा बसतो आणि खऱ्या नवख्यास वाटही राहते. वर्गणी बँकेत परस्पर भरण्याची सोय असावी, व बँकेची नोंद हीच पावती मानावी. पात्र सभासदांची यादी निवडणुकीपूर्वी दोन महिने फलकावर लावावी आणि हरकतीस मुदत द्यावी. संस्थेचा ठेकेदार, माल पुरविणारा, भाडेकरू, कर्जदार किंवा पगारी नोकर मंडळाचा उमेदवार नसावा. एकाच कुटुंबातील दोघे एकाच वेळी मंडळावर नसावेत. ज्यांच्या कारकिर्दीत तपासलेले हिशेब वेळेवर दाखल झाले नाहीत, त्यांनी पुढील मुदतीस उभे राहू नये. लागोपाठ दोन मुदतींनंतर एक मुदत विश्रांती असावी, आणि चिटणिसाचा अध्यक्ष व अध्यक्षाचा खजिनदार होऊन ती चुकविता येऊ नये. छाननी संस्थेबाहेरच्या मनुष्याने करावी, अर्ज फेटाळल्यास कारण लेखी द्यावे, आणि किरकोळ चूक सुधारण्यास दोन दिवस मिळावे. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पात्रतेच्या नियमात केलेला बदल चालू मंडळाच्या मुदतीत होणाऱ्या निवडणुकीस लागू न होता त्यापुढील निवडणुकीपासून लागू व्हावा. एवढ्या एका वाक्याने अर्धी कपटे आपोआप मरतील, कारण स्वतःच्या फायद्यासाठी नियम शिवणाऱ्यास तो घालावयासच मिळणार नाही.

आणि काय नसावे? पदाधिकाऱ्यांची शिफारस नसावी. देणगीच्या रकमेवर उमेदवारी नसावी. जन्म, ज्ञाती किंवा स्त्रीपुरुषभेद यांची अट तर सार्वजनिक म्हणविणाऱ्या संस्थेस शोभतच नाही. आणि ती शब्दांत नसली तरी ‘दहा वर्षांचा आजीव सभासद’ यांसारख्या अटींतून मागील दाराने येते, कारण दहा वर्षांपूर्वी त्या यादीत स्त्रिया व इतर ज्ञातींचे लोक होतेच किती? क्रिकेट मंडळाच्या नव्या घटनेत शिखर परिषदेवर खेळाडूंचे दोन प्रतिनिधी, एक पुरुष व एक स्त्री, घेण्याची तरतूद करावी लागली, ती यासाठीच. ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांस तिच्या मंडळावर आपोआप जागा मिळते असा अनुभव नाही. शाळेच्या मंडळावर पालक, वाचनालयाच्या मंडळावर रोज वाचावयास येणारा वाचक, रुग्णालयाच्या मंडळावर त्याच वस्तीतील मनुष्य किती ठिकाणी आढळतो? पदवीची अटही आम्हांस नापसंत आहे. पाटीवर हिशेब करणारा किराणा दुकानदार संस्थेच्या पैशाची जी काळजी घेईल ती प्रत्येक पदवीधर घेईलच असे नाही.

वाचकांपैकी पुष्कळजण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहेत. वर्गणी भरावयाची, वार्षिक अहवाल न उघडता कपाटात टाकावयाचा, आणि मग चौकात उभे राहून ‘संस्था चार जणांनी बळकावली’ असे म्हणावयाचे, ही रीत आता सोडली पाहिजे. चार जणांनी बळकावली हे खरे असेल. उरलेल्या चारशेंनी ती सोडून दिली हेही तितकेच खरे आहे. व्यापारी मंडळी आपल्या पेढीच्या नव्या भागीदाराची चौकशी सात पिढ्यांपर्यंत करतात. संस्थेस दिलेला पैसाही कोणाच्या तरी हाती जातो. त्याविषयी निदान तीन प्रश्न विचारण्याचे कष्ट त्यांनी घ्यावे. आपल्या नियमावलीप्रमाणे उभे राहण्यास कोण पात्र आहे? ते ठरवितो कोण? आणि तो नियम शेवटी कोणी व केव्हा बदलला?

ही नियमावली मागण्याचा सभासदास अधिकार आहे. येत्या सभेपूर्वी ती मागून घ्यावी, वाचावी, व दुरुस्तीची लेखी सूचना मुदतीत द्यावी. सूचना एकदा फेटाळली गेली तरी ती इतिवृत्तात नोंदली जाईल असे पाहावे. पुढील वर्षी तीच पुन्हा द्यावी. दुरुस्ती मंजूर होऊन पहिल्या खऱ्या निवडणुकीत जुनेच मंडळ पुन्हा निवडून आले, तरी आम्हांस वाईट वाटणार नाही. त्या वेळी ते लोकांनी बसविलेले मंडळ असेल, आणि पुढील खेपेस लोकांस ते उठविताही येईल.